अमेरिकी आकडे आणि नाशिकचे चेहरे: चार दात काढण्याचा निर्णय कशावरून घ्यावा

नाशिकच्या इंदिरानगर भागातील एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा लावण्यापूर्वी डोक्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, काढण्यात आला. संगणकाने त्यावरून जो तक्ता दिला, त्यात मुलीच्या बऱ्याच आकड्यांपुढे लाल खुणा होत्या. वरचे आणि खालचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असल्यामुळे चार उपदाढा काढाव्या लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे त्यांच्या वाचनात आले की तक्त्यातील ‘नॉर्मल’ आकडे गोऱ्या अमेरिकी मुलांवरून ठरवलेले आहेत. हे आकडे आमच्या मुलीला लागू पडतात का, महाराष्ट्रीय माणसांचे वेगळे आकडे आहेत का, आणि असतील तर दात काढण्याचा निर्णय बदलेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण काढलेला दात परत लावता येत नाही. मात्र त्याचे उत्तर ‘लागू पडतात’ किंवा ‘पडत नाहीत’ असे एका शब्दात देता येणार नाही. तक्त्यातील काही आकडे कोणत्याही माणसाच्या बाबतीत जवळजवळ तोच अर्थ सांगतात, तर काही आकड्यांचा अर्थ चेहऱ्यागणिक बदलतो. दुर्दैवाने दात काढण्याचा निर्णय ज्या आकड्यांवर अधिक अवलंबून असतो, ते दुसऱ्या प्रकारचे आहेत.

प्रथम आपण पाठवलेला तक्ता पाहू. वरच्या आणि खालच्या जबड्यातील पुढे-मागेपणा दाखवणारा एएनबी कोन ३ अंश आहे. तक्त्यात त्यासाठी २ हा आकडा अपेक्षित धरला आहे, म्हणजे जबड्यांची परस्पर ठेवण चांगली आहे. वरचे पटाशीचे दात २८ अंशांनी झुकलेले आहेत, तिथे अपेक्षा २२ ची आहे. खालचे ३१ अंशांनी झुकलेले आहेत, तिथे अपेक्षा २५ ची आहे. वरच्या व खालच्या दातांमधील कोन ११८ अंश आहे आणि अपेक्षा १३१ ची आहे. आता ३, २८, ३१ आणि ११८ यांची बेरीज करून पाहा. ती १८० येते. अपेक्षित २, २२, २५ आणि १३१ यांची बेरीजही १८०च येते. हा योगायोग नाही. हे चार कोन एकाच चौकोनाच्या भूमितीने एकमेकांना बांधलेले आहेत आणि त्यांची बेरीज नेहमी तेवढीच भरते. म्हणून दात पुढे झुकलेले असले की दोन्ही दातांच्या कोनांपुढे आणि त्यांच्यामधील कोनापुढे अशा तीन लाल खुणा येणारच. वाचणाऱ्याला तीन दोष दिसतात, परंतु प्रत्यक्षात एकच गोष्ट तीनदा सांगितलेली असते. पालकांना तक्ता दाखवताना आम्ही एवढे समजावून सांगितले, तरी निम्मी भीती कमी होईल, असे मला वाटते.

हे अपेक्षित आकडे आले कुठून, ते पाहू. डोके एका चौकटीत स्थिर धरून, पुन्हा पुन्हा सारख्याच पद्धतीने एक्स-रे काढण्याचे तंत्र १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत होफ्राथ यांनी मांडले. त्यावर आधारलेली पहिली सर्वमान्य मोजणीपद्धत इलिनॉय विद्यापीठातील विल्यम डाउन्स यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा आधार उत्तम दात असलेली फक्त २० गोरी मुले-मुली, वय १२ ते १७, एवढाच होता. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सेसिल स्टायनर यांनी जी पद्धत दिली, तिचेच आकडे आपल्या तक्त्यात आहेत. ॲरिझोनातील चार्ल्स ट्वीड यांनी खालच्या पटाशीच्या दातांनी जबड्याच्या खालच्या कडेशी ९० अंशांचा कोन करावा, असे सांगितले. या मंडळींचे काम थोर आहे. त्यापूर्वी आमचा सगळा व्यवसाय प्लास्टरच्या साच्यांकडे आणि चेहऱ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून चालत असे. परंतु त्यांनी ज्यांची मापे घेतली, ते त्यांच्या दारी येणारे लोक होते, आणि कोणता चेहरा सुंदर मानायचा हेही त्यांच्याच परिसराच्या आवडीने ठरले होते. आज आपल्या संगणकाच्या प्रणालीत वेगळा संच निवडला नाही, तर बहुधा तेच आकडे आपोआप समोर येतात.

एखादा आकडा दात काढण्यापर्यंत कसा पोहोचतो, हे ट्वीड यांच्या हिशेबावरून चांगले कळते. त्यांचा त्रिकोण तीन कोनांचा आहे: जबड्याच्या कडेचा उतार २५ अंश, खालच्या दाताचा कल ९० अंश आणि उरलेला तिसरा ६५ अंश. आपल्या मुलीचा उतार २६ आणि खालच्या दाताचा कल ९९ आहे, म्हणून तिसरा कोन ५५ उरतो. ६५ पर्यंत जायचे तर खालचे दात १० अंश मागे झुकवावे लागतील. साधारण अडीच अंशांना प्रत्येक बाजूला १ मिलिमीटर जागा लागते, असा ठोकताळा आहे. म्हणजे एका बाजूला ४ आणि दोन्ही बाजूंना मिळून ८ मिलिमीटर जागा हवी. दातांची गर्दी असेल, तर तिच्यासाठी लागणारी जागा याखेरीज. एवढी जागा दातांनी भरलेल्या कमानीत मिळत नाही, एका उपदाढेची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर असते, म्हणून उपदाढा काढा. हिशेब निर्दोष आहे. फक्त त्याची पहिली पायरी, म्हणजे ६५ हेच आपल्या मुलीचे उद्दिष्ट आहे हे गृहीत, कुणी तपासलेले नसते. उद्दिष्ट ५८ धरले, तर तोच हिशेब ८ ऐवजी अडीच मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तेवढी जागा दात न काढताही मिळवता येते.

मग आपल्याकडच्या लोकांत हा कल खरोखर वेगळा असतो का? हो, सरासरीने असतो. डाउन्स यांची पद्धत प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच वर्षांत, १९५१ मध्ये, कॉटन, टाकानो आणि वोंग यांनी ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय, जपानी वंशाच्या आणि चिनी वंशाच्या लोकांना लावून पाहिली आणि दातांच्या झुकावात ठळक फरक दाखवला. भारतीय मुलींवरचा कोटक यांचा अभ्यास १९६४ चा आहे आणि उत्तर भारतीयांवरचा नंदा व नंदा यांचा १९६९ चा. त्यानंतर देशभरातील दंत महाविद्यालयांत अशा मोजण्या होत राहिल्या आणि आजही होतात. त्या सगळ्यांतून पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट अशी की जबड्यांच्या मुख्य कोनांत भारतीय आणि गोऱ्या अमेरिकी लोकांमधील फरक तुलनेने लहान असतो, पण पटाशीचे दात आपल्याकडे अधिक पुढे झुकलेले असतात आणि ओठ अधिक भरलेले असतात. म्हणून स्टायनर किंवा ट्वीड यांच्या आकड्यांनी नाशिकच्या एखाद्या वर्गातील मुले मोजली, तर ज्यांचे दात सरळ आहेत, ओठ सहज मिटतात आणि ज्यांना कोणी वेडेवाकडे म्हणणार नाही, अशा कितीतरी मुलांच्या तक्त्यांत लाल खुणा येतील.

इथवर वाचून ‘मग महाराष्ट्रीय आकडे वापरा म्हणजे झाले’ असे वाटणे साहजिक आहे. मलाही उमेदवारीच्या काळात तसेच वाटत असे. परंतु महाराष्ट्रीय म्हणजे कोण, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज समोर बसतो. सुरगाणा आणि पेठकडून येणारी कोकणा कुटुंबे, इगतपुरी-त्र्यंबकचे महादेव कोळी, मालेगावात उत्तरेकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले विणकर, देवळाली कॅम्पमधले सिंधी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहारहून आलेल्या कामगारांची मुले आणि पंचवटीत शेकडो वर्षे राहिलेली घराणी, ही सगळी माणसे एकाच जिल्ह्यातली आहेत. एखाद्या महाविद्यालयात तपासणीसाठी आलेल्या ३० किंवा ४० विद्यार्थ्यांची सरासरी या सगळ्यांच्या वतीने कशी बोलणार? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे आणि राज्यभरातील दंत महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एकाच पद्धतीने, मोठ्या संख्येने आणि जिल्हावार मापे घेतली जावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र ती झाली तरी त्यांचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच होईल, आणि ती मर्यादा गणिताची आहे.

उदाहरणादाखल असे धरू की दोन समाजांत एखाद्या कोनाची सरासरी २ अंशांनी वेगळी आहे आणि प्रत्येक समाजात माणसामाणसांतील फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ४ अंश आहे. आमच्या क्षेत्रात एवढे विचलन नेहमीचे आहे. या दोन समाजांतून एकेक माणूस घेऊन जोड्या लावल्या, तर दर शंभरातील सुमारे ३६ जोड्यांत ‘कमी’ सरासरीच्या समाजातील माणसाचाच आकडा जास्त निघेल. म्हणजे कोणाचे आडनाव किंवा गाव कळले, तरी त्याच्या दाताचा कल कळत नाही. शिवाय ३० जणांच्या नमुन्यावरून काढलेली सरासरीच दीड अंशाने इकडेतिकडे असू शकते. एकाच एक्स-रेवर दोन वेळा रेषा आखल्या, तरी दातांच्या कोनात एक-दोन अंशांचा फरक पडतो, कारण दाताच्या मुळाचे टोक चित्रात क्वचितच स्पष्ट दिसते. मिलिमीटरमधील मापांत आणखी एक अडचण असते: जुन्या यंत्रांत प्रतिमा साधारण दहा टक्क्यांनी मोठी येत असे, आणि ती दुरुस्त न करता दोन ठिकाणचे आकडे शेजारी मांडले, तर यंत्रांतला फरक वंशाचा फरक म्हणून छापला जातो.

चेहरे मोजून माणसांची वर्गवारी करण्याचा आपल्या देशातील इतिहासही विसरता येत नाही. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण मोजून ते जातींच्या उतरंडीशी जोडले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये नाकांच्या मापांचेच आकडे मांडून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे आहेत, या समजुतीला आधार नसल्याचे दाखवले. इरावती कर्वे यांनी तरुणपणी बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता मोजली आणि ती वंशानुसार बदलते, ही त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा मापांतून सिद्ध होत नाही, हे निर्भयपणे मांडले. त्याच इरावतीबाईंनी नंतर वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्रातील लोकांची शरीरमापे घेतली, आणि ते काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मापे घेण्यात गैर काही नाही; प्रश्न आहे तो मापांकडून काय वदवून घ्यायचे याचा. आमच्या व्यवसायात ‘अमुक समाजाचा जबडा’ असे शब्द सहज उच्चारले जातात, आणि ते टाळले पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत देवळाली कॅम्पमधील एका मुलीचे मी चार दात काढून उपचार केले. तिच्या खालच्या दातांचा कल १०० अंश होता, आणि तक्ता पाहून माझ्या मनात शंकाही आली नाही. तिचे नाक सरळ, उंच आणि हनुवटी भरीव होती. उपचार संपले तेव्हा दात चित्रात दाखवावेत तसे बसले होते, पण ओठ आत गेले होते आणि नाक पूर्वीपेक्षा मोठे दिसू लागले होते. तिच्या आजीने एवढेच विचारले की मुलगी एकदम थकल्यासारखी का दिसते. आकडे बरोबर होते, निर्णय माझा चुकला होता.

त्यानंतर मी उलट्या दिशेने चुकलो. सुरगाण्याकडील एका तरुणाचे दोन्ही ओठ पुढे होते आणि ते मिटण्यासाठी त्याला हनुवटी आवळावी लागे. भारतीयांवरचे अभ्यास वाचून मी तोपर्यंत शहाणा झालो आहे, असे मला वाटत होते. मी त्याला समजावले की आपल्याकडे ओठ असेच भरलेले असतात, त्यात दोष नाही, दात काढण्याची गरज नाही. त्याने ऐकून घेतले आणि मग शांतपणे सांगितले की त्याच्या घरात कोणाचेच ओठ असे नाहीत, रात्री तोंड उघडे राहते आणि घसा कोरडा पडतो. त्याच्या समाजाची सरासरी माझ्या मनात होती, समोर बसलेला माणूस नव्हता. त्याचे चार दात काढले, उपचार सुमारे दोन वर्षे चालले, आणि त्याचा लाभ त्याला निश्चित झाला. अमेरिकी आकड्याने एकीचे दात विनाकारण गेले, तर ‘आपल्या’ आकड्याने दुसऱ्याचा उपचार जवळजवळ हुकला होता.

म्हणून आपल्या मुलीच्या बाबतीत मी आधी ओठ पाहीन. तिला खुर्चीत सरळ बसवून, समोर दूरवर पाहायला सांगून आणि तोंड सैल सोडायला लावून वरच्या आणि खालच्या ओठांत किती अंतर राहते, हे मोजावे. ३ ते ४ मिलिमीटरपर्यंतचे अंतर सामान्य आहे. त्याहून जास्त असेल आणि ओठ मिटताना हनुवटीच्या कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडत असतील, तर दात ओठांना पुढे ढकलत आहेत. ही खूण नाशिकमध्ये, नैरोबीत आणि न्यूयॉर्कमध्ये सारखाच अर्थ सांगते. तक्त्यात नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंतच्या रेषेच्या पुढे खालचा ओठ १ मिलिमीटर आहे, अशी नोंद आहे. ही रिकेट्स यांची रेषा असून त्यांच्या मते ओठ तिच्या किंचित मागे असावा. परंतु ही रेषा ओठाइतकेच नाक आणि हनुवटीचेही माप घेते. नाक मोठे झाले की ओठ न हलताही मागे गेल्यासारखा दिसतो. १३ व्या वर्षी नाक आणि हनुवटी यांची वाढ पूर्ण झालेली नसते, त्यामुळे आजचा हा १ मिलिमीटर काही वर्षांत आपोआप कमी होण्याची बरीच शक्यता आहे. आई-वडिलांची नाके पाहणे मला या ठिकाणी कोणत्याही तक्त्याहून उपयोगी वाटते, म्हणून तपासणीला दोघांनीही यावे, असा माझा आग्रह असतो.

दुसरी गोष्ट हाड आणि हिरडीची. खालच्या पटाशीच्या दातांपुढचे हाड काहींच्या बाबतीत अगदी पातळ असते. त्या दातांवरची हिरडी आताच खाली सरकू लागली असेल किंवा मुळांचा उंचवटा बोटाला लागत असेल, तर समाजाची सरासरी काहीही असो, दात आणखी पुढे नेणे धोक्याचे आहे. गर्दी बरीच असताना दात न काढता तारा लावल्या, तर ते पुढेच झुकतात, हेही लक्षात ठेवावे.

दातांच्या रुंदीबद्दलचे ठोकताळेही परक्या मापांवर उभे आहेत. न उगवलेल्या दातांची रुंदी सांगणारे १९७४ चे टानाका-जॉन्स्टन यांचे सूत्र उत्तर युरोपीय वंशाच्या मुलांवरून आले आहे: खालच्या चार पटाशीच्या दातांच्या बेरजेच्या निम्म्यात खालच्या बाजूसाठी साडेदहा आणि वरच्या बाजूसाठी ११ मिलिमीटर मिळवायचे. आपल्या मुलीचे सगळे दात उगवलेले असतील, तर तिच्यासाठी हा मुद्दा राहत नाही. तयार तारांचा आकारही कोणत्या तरी लोकांच्या कमानीवरून ठरलेला असतो. तार तिच्या स्वतःच्या साच्यावर ठेवून पाहिली आणि सुळ्यांमधली मूळची रुंदी जपली, म्हणजे पुरे. तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये आधीच बसवलेल्या कलाबाबतही असेच आहे. वरच्या मधल्या दातासाठी अँड्र्यूज यांच्या मूळ पद्धतीत ७ अंश, रॉथ यांच्या पद्धतीत १२ आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एमबीटी पद्धतीत १७ अंश असतात. दात आधीच पुढे झुकलेले असतील, तर डॉक्टरांनी हा फरक जाणून निवड करावी.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. मुलीला तपासल्याशिवाय ‘दात काढू नका’ असे मी म्हणणार नाही, आणि आपणही माझ्या या उत्तरावरून तसे ठरवू नये. आपल्या डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: एक्स-रे काढताना ओठ सैल होते की मिटलेले, प्लास्टरच्या साच्यावर मोजलेली गर्दी किती मिलिमीटर आहे, खालच्या दातांपुढची हिरडी आणि हाड कसे आहे, आणि दात काढले तर ओठ किती मागे जातील असा त्यांचा अंदाज आहे. ओठ दातांच्या मागोमाग पूर्णपणे कधीच जात नाहीत. जाड ओठ आणखी कमी जातात, म्हणून या अंदाजाबद्दल मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. एक्स-रे मिटलेल्या ओठांनी काढला असेल, तर दातांचे आकडे बदलत नाहीत, परंतु ओठांचे आकडे आणि बाजूचे छायाचित्र विश्वासार्ह राहत नाहीत.

गर्दी ४ मिलिमीटरच्या आत असेल, ओठ विनासायास मिटत असतील आणि हिरडी भक्कम असेल, तर आपल्या तक्त्यातील आकड्यांवरून मी चार दात काढणार नाही. कोणत्याही संस्थेच्या सरासरीचा आधार घेण्याची मला त्यासाठी गरज वाटत नाही. याउलट गर्दी ७-८ मिलिमीटर असेल आणि ओठ मिटताना हनुवटी आवळली जात असेल, तर आकडे भारतीयांच्या सरासरीत बसत असले तरी दात काढण्याचा सल्ला देईन. या दोन्हींच्या मधली स्थिती असेल, तर आधी सहा महिने दात सरळ करून घ्यावेत, पुन्हा छायाचित्रे आणि गरज असल्यास एक्स-रे काढावा आणि मग ठरवावे. तेवढ्या काळात काही बिघडत नाही, मात्र हिरडीकडे दर भेटीला लक्ष ठेवावे लागते.

आणि मुलीला विचारावे. तिला आपल्या हसण्यात काय खटकते, ओठ की एखादा वाकडा सुळा, हे आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही. १३ वर्षांची मुलगी याचे उत्तर नीट देऊ शकते. पुढच्या भेटीत आपण थोडा वेळ बाहेर बसून तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे.